दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा येतो कुठून, आणि देशात एवढा कोळसा असून पावसाळा सरताना टंचाई का होते?

तुम्ही लिहिलंय की वरणगावहून भुसावळला जाता-येता दीपनगरच्या चिमण्या आणि कोळशाने भरलेल्या मालगाड्या रोज दिसतात. मग सरकारी कंपनीकडे कोळशाचे डोंगर असताना पावसाळ्याच्या शेवटी 'वीज केंद्रात चारच दिवसांचा कोळसा' अशी बातमी येते कशी? कोळसा कुणी दाबून ठेवतं का?

मी भुसावळ तालुक्यातलाच. एकतीस वर्षं विदर्भातल्या कोळसा खाणींत होतो. सुरुवातीला जमिनीखाली मायनिंग सरदार, म्हणजे पाळीच्या माणसांची सुरक्षा बघणारा, पुढे उघड्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे त्याच्या वरचा पर्यवेक्षक. गावी परतल्यावर पारावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

दाबून कुणी ठेवत नाही. पण कोळसा ही हवी तेव्हा निघणारी वस्तू नाही, आणि निघाला म्हणून हवा तितका साठवून ठेवावा अशीही नाही.

आधी भूक किती ते बघा. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे वीज बनवणारी यंत्रं, आहेत. त्यातला एक पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तरी दिवसाला ८,४०० टन झाले. एका रेकला, म्हणजे एका पूर्ण मालगाडीला, ५८-५९ वाघिणी, त्यात मिळून चार हजार टनांच्या आसपास माल. म्हणजे एका संचाला रोज दोन रेक. बाकीच्या संचांचं वेगळंच. हे रेक वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर करत येतात. वर्ध्यापासून भुसावळपर्यंतच तीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या सगळ्या गाड्या त्याच रुळांवर. रेक आला की टिपलर नावाचं यंत्र वाघीण उचलून उलटी करतं, ती रिकामी होते, मग पुढची. रिकामा रेक परत गेल्याशिवाय खाणीच्या सायडिंगवर, म्हणजे माल भरायच्या रुळावर, पुढचा माल भरता येत नाही. त्यामुळे इथे टिपलर बिघडला तर तिकडे यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या खाणींत कोळसा पडून राहतो.

आपल्याकडे खाण का नाही, हे पुष्कळ जण विचारतात. खानदेशाखाली काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या गोंडवाना खडकांतला. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत ते खडक वर आलेत किंवा फार खोल नाहीत. तिथल्या सरकारी खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि चालवते, मुख्यालय नागपूरला. दीपनगरला बराचसा कोळसा तिथून येतो, काही छत्तीसगडकडून.

आता खाण. लोकांना वाटतं खाण म्हणजे बोगदा. तसं राहिलेलं नाही. वेकोलि जिची उपकंपनी आहे त्या सरकारी कोल इंडियाचा ९५ टक्क्यांहून जास्त कोळसा आज उघड्या खाणीतून निघतो. उघड्या खाणीत आमचं मुख्य काम कोळसा काढणं नव्हतंच, माती काढणं होतं. वर काळी कापसाची जमीन, तिच्याखाली मुरूम आणि मग कामठी वालुकाश्म. भोकं पाडायची, सुरुंगाची दारू भरायची, उडवायचं, शॉवेल म्हणजे अवाढव्य खोदयंत्राने उचलायचं, डम्परने ढिगावर नेऊन टाकायचं. कोळशावरच्या या माती-दगडाला आम्ही ओबी (ओव्हरबर्डन) म्हणायचो. एका टन कोळशासाठी पाच-पाच घनमीटर ओबी हलवावी लागते असं एखाद्या खाणीचं गणित असतं. म्हणजे ऑक्टोबरात जो कोळसा निघायचा त्याच्या डोक्यावरची माती उन्हाळ्यात हललेली हवी. ती राहिली, तर मंत्र्यांनी फोन केला काय आणि न केला काय, कोळसा निघत नाही.

त्यात पाऊस. खाण म्हणजे शेवटी खड्डाच, सगळं पाणी तिथेच उतरतं. तळाशी मुद्दाम एक खोलगट जागा ठेवतात, तिला संप म्हणतात. पाणी तिथे गोळा करून पंपाने वर फेकायचं. मला एक जुलै आठवतो. सलग दोन रात्री कोसळला. दुसऱ्या रात्री एक वाजता संप भरून पाणी खालच्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, आलं. माणसं आधी वर काढली, मग यंत्रं. शॉवेल पट्ट्यांवर चालतं, गोगलगायीसारखं. ते चिखलातून वरच्या बेंचवर न्यायला पहाट झाली. त्यानंतर नऊ दिवस फक्त पंप चालले. खालच्या बेंचवरून कोळशाचा एक खडा निघाला नाही. कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. हॉल रोडवर, म्हणजे डम्परच्या रस्त्यावर, चिखल असताना भरलेला डम्पर उतारावर सोडणं म्हणजे ड्रायव्हरचा जीव पणाला लावणं, आणि ते कुणी करू नये.

पावसातून जो निघतो तोही ओला. क्रशरला चिकटतो, वाघिणीच्या तळाला चिकटतो, टिपलरवर उलटं केलं तरी पूर्ण पडत नाही. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. त्यात पाणी मुरलं की तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच भूक वाढते.

मग उन्हाळ्यातच भरपूर काढून ठेवावा, असं तुम्ही म्हणाल. काढतातच. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, जानेवारी ते मार्च तीनही पाळ्यांत खाण नुसती धावत असते आणि ३१ मार्चला ढीग सर्वांत मोठे असतात. पण कोळशाचा ढीग धान्याच्या पोत्यांसारखा थप्पी लावून निवांत बसत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन तो आतल्या आत तापतो आणि कुणी काडी न लावता पेटतो. मे महिन्यात ढिगाच्या कडेने धूर निघाला की डोझरने तो फोडायचा, पसरायचा, पाणी मारायचं, पुन्हा दाबायचा, हे आमचं ठरलेलं काम. जास्त दिवस पडला की उष्मांक, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, घटतो. २०१२ पासून कोळशाची प्रत आणि भाव उष्मांकावर ठरतो, जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. जी-१० म्हणून काढलेला माल जी-११ ठरला की भाव उतरतो, आणि मग नमुन्यावरून वाद.

२०२१ साली हे सगळं एकदम समोर आलं. त्या मार्चअखेर कोल इंडियाच्या खाणींच्या तोंडाशी जवळपास १० कोटी टन कोळसा पडून होता. वीज केंद्रं उचलत नव्हती. करोनामुळे मागणी कमी, आणि बऱ्याच ठिकाणी आधीच्या कोळशाचे पैसे थकलेले. मग लाट ओसरली, कारखाने एकदम सुरू झाले, परदेशी कोळसा भयंकर महागला, तो जाळणाऱ्या केंद्रांनी हात आखडले आणि सगळा भार देशी कोळशावर आला. नेमका सप्टेंबरात खाणपट्ट्यात जोरदार पाऊस. ऑक्टोबरात देशातल्या १३५ केंद्रांकडे मिळून ७०-७५ लाख टन उरला, सरासरी चार दिवसांचा. तुम्ही वाचलेली बातमी तीच असावी. मार्चमध्ये कोळसा होता. तो खाणीपाशी होता, वीज केंद्राच्या बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठारात, नव्हता.

भूमिगत खाणीला पावसाचा इतका त्रास नाही, मग त्या का वाढवत नाहीत? कारण तिथे माणसाच्या डोक्यावर छत असतं. सरदार म्हणून माझं पहिलं काम, पाळीची माणसं कामाला लागण्याआधी एकट्याने फेसपर्यंत, म्हणजे कोळसा तोडायच्या जागेपर्यंत, जाऊन यायचं. वायू आहे का बघायचं, आणि काठीने छत ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला की वरचा थर सुटलाय. मग तिथे माणूस जाणार नाही, कुंपण घालायचं, आणि हे सगळं वहीत लिहून खाली सही करायची. त्या सहीवर चाळीस माणसं आत उतरायची. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या कामातलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ माणसं गेली. आमच्या प्रशिक्षणात तो आकडा पहिल्याच दिवशी सांगितला होता. म्हणून कुणी म्हणालं की 'सरकारी लोक सुरक्षेच्या नावाखाली काम अडवतात', तर मला ते सहन होत नाही. या खाणींच्या सुरक्षेवर देखरेख करणारं महासंचालनालय धनबादला आहे आणि ते कोळसा नव्हे, श्रम मंत्रालयाखाली येतं. ज्याला टनांचं उद्दिष्ट आहे त्याच्याच हातात तपासणी नाही, हे फार बरं आहे.

कंपनीबद्दल थोडक्यात. १ मे १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १ नोव्हेंबर १९७५ ला कोल इंडिया उभी राहिली. मुख्यालय कोलकाता. तिच्याखाली वेकोलिसारख्या सात उत्पादक उपकंपन्या आणि नियोजनाची एक, रांचीची. सरकारचा हिस्सा आता ६३ टक्के आहे, बाकी शेअर बाजारात. २०२३-२४ मध्ये तिने ७७ कोटी टनांहून जास्त कोळसा काढला, त्यातला वेकोलिचा सुमारे ६.९ कोटी टन. वीज केंद्रांशी पुरवठ्याचे दीर्घ करार असतात, थोडा माल ई-लिलावात जातो. किमतीवर १४ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते.

आणि जमीन. याबद्दल बातम्यांत कमी येतं, पण खाण पुढे सरकते की नाही हे सगळ्यात आधी इथे ठरतं. कोळसा असलेली जमीन १९५७ च्या खास कायद्याने घेतात. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. ज्यांच्याकडे एक-सव्वा एकरच आहे ते दोघं-तिघं मिळून एक नाव देतात. कोणाचं नाव द्यायचं यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. माझ्या पाळीत एक प्रकल्पग्रस्त मुलगा डम्परवर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने हवेत बोट दाखवलं आणि म्हणाला, 'साहेब, त्या तिथे आमची विहीर होती.' त्या जागी साठ-सत्तर फूट खोल मोकळी हवा होती. मी शेतकऱ्याचा मुलगा, आमचीही विहीर आहे, केळी त्याच पाण्यावर. मला त्या दिवशी डबा खाववला नाही. म्हणून एखाद्या गावाने मोजणी अडवली आणि खाण वर्षभर पुढे सरकली नाही, तर मी गावाला दोष देत नाही. पण त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दीपनगरच्या बंकरमध्ये दिसतो, हेही खरंच.

पुढच्या वेळी बातमी आली की नुसते टन बघू नका, दिवस बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रत्येक केंद्राचा साठा रोज जाहीर करतं. खाणीपासून दूर असलेल्या दीपनगरसारख्या केंद्रांसाठी महिन्यानुसार २० ते २६ दिवसांच्या साठ्याचा निकष आहे. जूनच्या सुरुवातीलाच साठा दहा दिवसांवर असेल तर पावसाळ्याच्या शेवटी ओढाताण होणार, हे तेव्हाच ओळखा. जूनमध्ये पंचवीस दिवसांचा असेल, तर ऑक्टोबरातल्या मथळ्याने घाबरायचं कारण नाही.