दूरचित्रवाणी लेखक नॉर्मन लिअर यांच्या पत्नी लिन यांचे समाजकार्य कोणते?

अमेरिकी दूरचित्रवाणी लेखक-निर्माते नॉर्मन लिअर यांच्या पत्नी लिन यांची ओळख पतीच्या नावापाशी थांबू नये, असे मला मनापासून वाटते. १९८७ मध्ये विवाह झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, या दांपत्याने सिंडी आणि अ‍ॅलन हॉर्न या पती-पत्नींसह ‘एन्व्हायर्नमेंटल मीडिया असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. पर्यावरणाचा विचार भाषणांतून नव्हे, तर मालिका-चित्रपटांतील पात्रांच्या रोजच्या वागण्यातून प्रेक्षकांच्या घरी पोहोचावा, हा संस्थेचा हेतू. चित्रीकरणातील कचरा आणि ऊर्जेचा वापर कमी करणाऱ्या निर्मितींनाही संस्था पुढे मानचिन्ह देऊ लागली. २०२३ मध्ये नॉर्मन यांचे निधन झाले, तेव्हा ते १०१ वर्षांचे होते.