एकच शेत, पुन्हा पुन्हा

निसर्गचित्रं काढायला दर सुट्टीला नवं ठिकाण शोधत फिरू नकोस. घरापासून चालत जाता येईल असा एकच तुकडा निवड आणि वर्षभर तिथेच जा. पहिले चार-पाच वेळा कंटाळा येईल. येऊ दे. मग हळूहळू दिसायला लागतं, की नांगरलेली ओली माती गडद असते आणि सुकली की फिकी पडते. ओढा उगाच वळत नाही, उतार नेईल तिकडे जातो. हे उमगलं की हातातली रेघ आपोआप बदलते.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल बालपणीच्या स्टूर नदीच्या खोऱ्याकडे आयुष्यभर परतत राहिला. १८२१-२२ मध्ये त्याने नुसत्या आकाशाची ढीगभर अभ्यासचित्रं काढली आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रांमागे वेळ, वारा, हवामान लिहून ठेवलं. ही सवय उचल.

बोर्ड लहान घे, कारण दीड-दोन तासांत सावल्या सरकतात. सावल्या आधीच मांडून टाक, नंतर त्यांच्यामागे धावू नकोस. ट्यूबमधला हिरवा मी जवळपास वापरतच नाही (हा माझा हट्ट समज); अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा मिसळून येणारा मळकट हिरवा मला शेताच्या जास्त जवळचा वाटतो. बोर्डावर थेट ऊन नको. उन्हात रंग उजळ भासतात, म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरात चित्र काळवंडलेलं दिसतं. माझी सुरुवातीची कितीतरी अशीच वाया गेली.

तिथे राबणाऱ्यांशी बोलत जा. पाणी कुठे साचतं, कुठली कड आधी पिवळी पडते, हे त्यांना ठाऊक असतं. फक्त ईझल, म्हणजे बोर्ड टेकवायची घोडी, उभ्या पिकात रोवू नकोस.