सरावात जमतं, सामन्यात का हुकतं?

"एरवी सगळं नीट येतं हो, पण ऐनवेळी हातपाय गळतात. काय करायचं?"

लोकांच्या मनाच्या अडचणी ऐकणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील विचारतात, मुलाखतीहून हिरमुसून परतलेली मुलं विचारतात, गाण्याच्या परीक्षेत तान अडकलेल्या मुली विचारतात. बहुतेकांनी उत्तरही सोबत ठरवूनच आणलेलं असतं: आपलं मनच कच्चं आहे. मला हे निदान पटत नाही. का पटत नाही, ते एका खेळाडूच्या निमित्ताने सांगते. तिने लिहायला संमती दिली आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बावीस वर्षांची, कळव्याची. बास्केटबॉल हीच तिची नोकरी. आपल्याकडे या खेळावर पगार मिळवणाऱ्या मुली मोजक्याच, त्यातल्या बऱ्याच जणी रेल्वे, बँका किंवा सरकारी कंपन्यांच्या खेळाडू कोट्यातून आलेल्या. हिची जागा अजून कायम झालेली नव्हती, वर्षावर्षाच्या करारावर होती. पहाटे उठून कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत सराव, दुपारी ऑफिसात हजेरी, संध्याकाळी पुन्हा कोर्ट. असा दिनक्रम पाळणाऱ्या मुलीला मनाने कच्ची म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

झालं होतं ते असं. अटीतटीचा सामना, चौथा क्वार्टर, सहा सेकंद बाकी आणि संघ एका गुणाने मागे. ही बॉल घेऊन आत घुसली, फाउल झाला, दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे रेषेवर उभं राहून बॉल रिंगमध्ये टाकायच्या एकेका गुणाच्या दोन संधी. एक गेला असता तर बरोबरी, दोन्ही गेले असते तर सामना जवळपास खिशात. दोन्ही हुकले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. दुसरा कमी पडू नये म्हणून तिने जोर लावला, तो मागच्या बोर्डवर आदळून बाहेर गेला. कुणीतरी मोबाइलवर काढलेली ती क्लिप रात्रीपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचली होती.

पुढच्या सामन्यांत वेगळंच सुरू झालं. ती रिंगकडे घुसेचना. मोकळी वाट समोर असली तरी बॉल दुसरीकडे द्यायची, लांबूनच खेळायची. आत घुसलं की फाउल होणार, फाउल झाला की त्या रेषेवर उभं राहावं लागणार. ते टाळायचं म्हणून तिने आपला अर्धा खेळच सोडून दिला होता.

वडील तिला घेऊन आले. ठाण्यात राहून आमच्यासारख्यांकडे यायचं म्हणजे अजूनही लोकांना जड जातं. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे 'ठाण्याला पाठवा' हे बोलणं साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलेलं. तरीही ते आले, याचं मला कौतुक वाटलं. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, पोरगी लहानपणापासून धीट. पण त्या दिवशी हिने माती खाल्ली. आता बॉल हातात आला की घाबरते. हिच्यात जिगरच नाही की काय?" मुलगी फरशीकडे बघत होती. मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

"फ्री थ्रो म्हणजे नेमकं काय असतं, मला सांगशील?" मी तिला विचारलं. मला ऐकायचं होतंच, शिवाय तिला ज्यातलं कळतं तिथून तिने बोलायला सुरुवात करावी असंही वाटत होतं. ती हळूहळू खुलली. बोर्डपासून रेषा ४.६ मीटरवर. रिंग ३.०५ मीटर उंच, तिचा व्यास ४५ सेंटिमीटर, आणि बायकांचा बॉल साधारण २३ सेंटिमीटरचा, म्हणजे रिंगच्या जेमतेम निम्मा. अंगावर कुणी येत नाही, कुणी अडवत नाही. रेफरीने बॉल हातात दिल्यावर पाच सेकंद आपले.

"मग अवघड काय आहे त्यात?"

"कुणी अडवत नाही ना, तेच अवघड आहे. पळताना डोक्यात काही नसतं. तिथे सगळं थांबतं, आणि सगळे माझ्याकडे बघत असतात."

मला वाटतं, परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेल्या मुलालाही नेमकं हेच म्हणायचं असतं.

ती क्लिप आम्ही दोघींनी एकत्र पाहिली. तिच्या मोबाइलमध्ये सरावाचाही एक व्हिडिओ होता, तोही पाहिला. सरावात ती बॉल घेते, उजवा पाय रेषेला लावून डावा जुळवते, तीन टप्पे मारते, बॉल हातात फिरवून शिवण बोटांखाली आणते, श्वास सोडते, रिंगकडे बघते आणि मग टाकते. चार सेकंदांच्या वर वेळ जातो. सामन्यातल्या क्लिपमध्ये एकच टप्पा, आणि बॉल हवेत. दुसऱ्या वेळी तर दोन सेकंदही झाले नव्हते. पाय जुळलेले नव्हते, शिवण शोधलेली नव्हती.

ती चकित झाली. "मी एकच टप्पा मारला?" ती क्लिप तिने असंख्य वेळा पाहिली होती, पण दरवेळी नजर रिंगवर, बॉल कुठे जातो त्यावर. स्वतःच्या हातांकडे तिने पाहिलंच नव्हतं.

मला या प्रकरणात सांगायचं आहे ते हेच. तिचे हात थरथरले म्हणून बॉल हुकला असं तिला, वडिलांना, सगळ्यांनाच वाटत होतं. पण तिला तिथून सुटका हवी होती. ती अवघड जागा नकोशी झाली, लवकर संपावी असं वाटलं, आणि संपवण्याचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे बॉल टाकून मोकळं होणं. गेयर यॉर्डेट या नॉर्वेच्या संशोधकाने फुटबॉलमधल्या पेनल्टी शूटआउटचा बारकाईने अभ्यास केला आहे. शिट्टी वाजताच लगेच धावत सुटणारे खेळाडू, एखादा श्वास थांबून किक मारणाऱ्यांपेक्षा जास्त चुकतात, असं त्यात दिसलं. भीती दोघांनाही वाटते. फरक पडतो तो भीतीपासून पळण्याच्या घाईने.

त्या सामन्यानंतर अजून एक गोष्ट बिघडली होती. जो तो तिला शिकवायला लागला होता. कोपर आत घे, मनगट सोड, गुडघे जास्त वाकव. सगळं चांगल्या मनाने सांगितलेलं. पण दहा वर्षं अंगात मुरलेली हालचाल ऐनवेळी तुकड्यातुकड्यांनी तपासायला गेलं की ती मोडते. जिना उतरताना प्रत्येक पावलाकडे लक्ष दिलं तर माणूस अडखळतोच. गोल्फ खेळणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच आढळलं आहे: आपल्या हालचालीच्या पायऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं की नवशिक्यांचं फारसं अडत नाही, मुरलेल्यांचा खेळ मात्र बिघडतो. म्हणून मी तिच्या सरांना फोन करून विनंती केली की काही आठवडे तिच्या कोपराबद्दल कुणीच काही बोलू नये. सर समंजस निघाले.

मग आम्ही थोडं गणित केलं. त्या मोसमात तिचे शंभरातले ऐंशी फ्री थ्रो जात होते, म्हणजे चांगलीच नेमबाज. तरीही पाचातला एक हुकणारच. लागोपाठ दोन हुकण्याची शक्यता पंचवीसात एक. अगदी निर्धास्त मनाने खेळली तरी मोसमात कधी ना कधी दोन्ही हुकणार होते. त्या दिवशी ते सहा सेकंद उरलेले असताना हुकले. स्कोअरशीट काढून बघितलं तर त्याच सामन्यात तिच्या संघाने आणखी नऊ फ्री थ्रो घालवले होते, आणि रिंगखालचे सोपे लेअपही. ते कुणाच्याच लक्षात नव्हते, कारण ते दुसऱ्या क्वार्टरमध्ये झाले. तिला याने थोडं हलकं वाटलं, पण थोडंच. आकडेवारीने अपराधी भावना पुसली जात नाही, हे मी रोज बघते.

त्यापेक्षा तिला निक अँडरसनची गोष्ट जास्त भिडली. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये तो ओरलँडो मॅजिक या संघाकडून खेळायचा. १९९५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, ओरलँडो तीन गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, आणि अँडरसनचे लागोपाठ चार फ्री थ्रो हुकले. समोरच्या ह्युस्टन संघाने बरोबरी साधली, जादा वेळेत सामना जिंकला आणि मालिकाही ४-० ने नेली. सत्तर टक्क्यांच्या आसपास फ्री थ्रो टाकणारा हा खेळाडू दोन मोसमांनंतर चाळीस टक्क्यांवर आला होता. "म्हणजे असं होतं लोकांना?" तिने विचारलं. होतं. पुढच्या मोसमात त्याचं प्रमाण पुन्हा साठीच्या वर गेलं, हेही तिला मुद्दाम सांगितलं.

काम मात्र कोर्टवरच व्हायला हवं होतं. बॉल कसा टाकायचा ते शिकवणं माझं काम नाही, आणि मी त्यात पडलेही नाही. सरांशी बोलून एवढंच ठरवलं की एका जागी उभं राहून लागोपाठ पन्नास फ्री थ्रो मारणं बंद करायचं. सामन्यात कधी कुणाला पन्नास मिळतात? त्याऐवजी सराव संपताना, सगळ्या दमल्या असताना, फक्त दोन. बाकीच्या मुली भोवती उभ्या राहून आरडाओरडा करणार, आणि हुकले तर सगळ्यांनी कोर्टाला चकरा मारायच्या. सुरुवातीला तिला हे फार जड गेलं, एकदा डोळ्यांत पाणीही आलं. पण छाती धडधडत असताना टाकण्याची सवय ही छाती धडधडत असतानाच लागते.

तिच्या वहीत बॉल गेला की नाही हे लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते एवढंच: आपले पाच सेकंद पुरते वापरले का? पाय, तीन टप्पे, शिवण, लांब सोडलेला श्वास, आणि नजर रिंगवर स्थिर. नजरेचं मी आग्रहाने सांगितलं होतं. जोन विकर्स या संशोधिकेने १९९६ मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्या महिला खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. चांगल्या नेमबाजांची नजर टाकण्याआधी रिंगवर जास्त वेळ टिकून राहते, असं तिला आढळलं. हात थरथरले तर थरथरू द्यायचे. धडधड, घाम, कोरडा घसा ही शरीराने कामासाठी कंबर कसल्याची खूण आहे. ती थांबायची वाट बघत बसलं तर पाच सेकंद तिथेच संपतात.

वडिलांशी मी वेगळी बोलले. रोज रात्री जेवताना ते ती क्लिप पुन्हा लावायचे, 'चूक कळावी म्हणून'. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की ते वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, कंपनी बंद पडली तेव्हा मुलगी सातवीत होती. 'कायम' या शब्दाचं त्यांच्या घरात काय मोल आहे ते मला तेव्हा समजलं. दोन फ्री थ्रो हुकले आणि त्यांना हातातून निसटणारा करार दिसू लागला. त्यांची भीती खरी होती, पण ती रोज ताटावर वाढली जात होती. मी त्यांना विचारलं, "काका, कंपनी बंद पडली त्या रात्री तुम्हाला घरच्यांकडून काय हवं होतं?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणी काही विचारू नये, एवढंच." क्लिप त्यांनी स्वतःहून काढून टाकली.

काही महिन्यांनी पुन्हा अटीतटीचा सामना झाला. शेवटच्या मिनिटात, एक गुण मागे असताना, तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक गेला, एक हुकला. बरोबरी झाली, जादा वेळेत संघ हरला. फोनवर म्हणाली, "ताई, हात जाम थरथरत होते. पण तीन टप्पे मारले दोन्ही वेळा." मला त्याहून मोलाची वाटली ती स्कोअरशीटवरची दुसरी नोंद: त्या सामन्यात तिला एकूण दहा फ्री थ्रो मिळाले होते. म्हणजे ती पुन्हा आत घुसायला लागली होती. करार आणखी एका वर्षासाठी वाढला. कायम अजून झालेली नाही.

ज्यांना हाच त्रास परीक्षेत किंवा मुलाखतीत होतो त्यांना मी आधी घाई शोधायला सांगते. वेळ शिल्लक असताना पेपर देऊन बाहेर पडलात का? प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर सुरू केलंत का? ती जागा सापडली की तिथे एक ठरलेली छोटी कृती बसवायची, आणि तिचा सराव घरच्या शांततेत करण्याबरोबरच चार माणसांसमोर, घड्याळ लावूनही करायचा. आईवडिलांनी त्या दिवशी घरी आल्यावर फक्त जेवायला वाढावं. चर्चा मुलाने काढली तर, आणि तेव्हाच.

मात्र झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल किंवा जगणं नकोसं वाटतंय असं मूल बोलून गेलं असेल, तर हे उपाय करत बसू नका. मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.