गुलाबाची पाकळी हाताला मखमली का लागते? पानं तशी का लागत नाहीत?

पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसून शंकूसारख्या टोकदार असतात, म्हणून ती मखमली लागते. पानाच्या पेशी वरून बहुधा सपाटच असतात. या शंकूंवर मेणचट आवरणाच्या बारीक घड्याही असतात. गुलाबाच्या पाकळीवर पाण्याचा थेंब गोल राहतो आणि पाकळी उलटी केली तरी चिकटून राहतो, तो याच पृष्ठभागामुळे.

हे नुसतं शोभेसाठी नाही. शंकूमुळे प्रकाश पेशीच्या आत, अँथोसायनिनसारख्या रंगद्रव्याकडे वळतो आणि रंग गडद दिसतो. याचा चांगला पुरावा स्नॅपड्रॅगन या फुलझाडात मिळतो: मिक्स्टा नावाचं जनुक बिघडलं की पेशी सपाट होतात आणि रंगद्रव्य असूनही फूल फिकट दिसतं. दुसरा उपयोग मला जास्त गमतीचा वाटतो, तो म्हणजे पकड. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बंबलबी नावाच्या, मधमाशीसारख्या माश्यांना उभ्या, घसरड्या पृष्ठभागावर शंकूवाल्या पेशींवर नीट पाय रोवता आले, सपाट पेशींवर त्या घसरल्या. पृष्ठभाग आडवा असेल तर हा फायदा जवळजवळ उरत नाही.

मात्र हे सगळ्या फुलांना लागू नाही. पक्ष्यांकडून परागीभवन होणाऱ्या काही फुलांत असे शंकू नसतात. गवतवर्गात तर परागकण वाऱ्यावर जातात, तिथे दिखाऊ पाकळ्याच नसतात. आणि पाकळी हाताला कशी लागते ते बोगनवेलीवर पाहू नका, तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, फुलाभोवतीची पानं आहेत.