डोळ्यांकडे जाणारा हात

"मोबाईलमुळेच ना हो ताई?" नेत्र रुग्णालयात समुपदेशन करताना नंबर वाढलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची आई मला हे विचारते. रामबागेतून आलेल्या वहिनींनीही तेच विचारलं. मुलगा पंधरा वर्षांचा. दीड वर्षात तीन चष्मे झाले, दर वेळी सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर वाढलेला. मोबाईल काढून घेऊन झाला होता, गाजराचा रसही सुरू होता.

आम्ही बोलत असताना तो डोळे चोळत होता. तर्जनी मुडपून, पेर बुबुळावर दाबून, गोल गोल. वीस मिनिटांत अकरा वेळा. आई "हात काढ" म्हणाली की हात खाली यायचा, मिनिटभरात पुन्हा वर.

तपासणीत केराटोकोनसची सुरुवात निघाली होती. बुबुळावरचा काचेसारखा पडदा, कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. मुळात नाजूक असलेला हा पडदा सतत रगडला की आणखी पातळ होतो, शंकूसारखा पुढे येतो; हाच केराटोकोनस. मोबाईलने डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात; हा आकार त्याने येत नाही.

वहिनींचे डोळे भरून आले. "मी रोज ओरडत होते हो!" ओरडून थांबणार कसं? खाज खरी होती, अ‍ॅलर्जीची. चोळलं की डोळ्यांत हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सुटतं आणि खाज आणखी चेवते. म्हणून आधी खाजेचा बंदोबस्त: डॉक्टरांनी दिलेले थेंब, आणि गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटल्या डोळ्यांवर. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालायचे नाहीत, हे मी आजींना दोनदा सांगितलं. त्याने डोळ्यांतला दाब वाढू शकतो.

मुलाशी एकट्याशी बोलले. "चोळलं की बरं वाटतं," तो म्हणाला. मी मान्य केलं. मग वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायचं ठरलं. हात वर गेला की एक रेघ. घरच्यांनी ओरडायचं नाही, रुमाल पुढे करायचा. पहिल्या दिवशी एकतीस रेघा, महिन्याने सात.

तरी पुढच्या तपासणीत शंकू थोडा वाढलेला दिसला आणि सी-थ्री-आर हा उपचार करावा लागला. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, त्याने वाढ थोपते. गेलेला आकार परत येईलच असं नाही, हे मी घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

यंदा रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, तो गॉगल लावून गेला. गुलाल तरी डोळ्यांत गेलाच. घरी येऊन त्याने साध्या पाण्याने डोळे धुतले आणि आजीकडे रुमाल मागितला.