मुलीला घरी शिकवून परड्यात भाजीपाला करायचा म्हटलं की सासरे म्हणतात, ‘माळीण करणार का?’ काय उत्तर द्यावं?

तुमची मुलगी दुसरीत आहे. तिला शाळेतून काढून घरीच शिकवायचं मनात आहे, घरामागे मोकळी जागा आहे, तिथे भाजीपाला लावायचाय. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दिवस कसा आखायचा, ती मागे पडेल का, आणि सासऱ्यांना काय सांगायचं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसले नसते, त्यांची उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्यासाठी बसले, कारण हे वाक्य मी माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात ऐकलेलं आहे.

आम्ही मिरजेच्या बाहेर राहतो. घरामागे दीड गुंठ्याचं परडं आहे. थोरलीला चौथीनंतर शाळेतून काढलं, धाकट्याला घातलंच नाही. माझे मोठे दीर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. माणूस सज्जन, शिकवायची हातोटी अशी की त्यांचे जुने विद्यार्थी आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. दर पाच सप्टेंबरला त्यांना कुठे ना कुठे भाषणाला बोलावतात आणि ते भाषण मी ऐकलंय. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम, हाताच्या कामातून शिक्षण. मग बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, १९४५ साली बोर्डी गावात त्यांनी सुरू केलेलं काम, पुढे कोसबाडची कुरणशाळा: गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात म्हणून बाई शाळाच गुरांमागे घेऊन गेल्या. भावजी हे सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो. मला घरी शिकवायचं बळ मिळालं ते निम्मं त्या भाषणातून.

आता दुधीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला कळणार नाही.

त्या वर्षी मृगाच्या पावसावर आम्ही मांडवाच्या एका अंगाला दुधी आणि दुसऱ्या अंगाला तांबडा भोपळा टोकला. श्रावण लागला तसा दुधीला इतका बहर आला की तिन्हीसांजेला मांडव पांढरा दिसायचा. पण दुधी एक धरेना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, पाला माजलाय, शेंडे खुडा. ते योग्यच होतं, मादी फुलं बगलफांद्यांवर जास्त येतात. खुडले. तरी दुधी धरायचा आणि पेराएवढा असतानाच पिवळा पडून गळायचा.

थोरली तेव्हा बारा वर्षांची. तिने गळालेले दुधी रोज सकाळी गोळा करून ब्लेडने उभे चिरायला सुरुवात केली. ओट्यावर जुना पेपर, त्यावर दोन ओळी. एका ओळीतले आतून स्वच्छ, फक्त सुकलेले. दुसऱ्या ओळीतल्यांना बाहेरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यावर गोंदासारखा थेंब सुकलेला, आणि आत पांढऱ्या अळ्या. म्हणजे गळ एक पण कारणं दोन. ठिपकेवाले फळमाशीचे. त्यासाठी तिच्या बाबांनी कृषी सेवा केंद्रातून क्यू ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढून अडकवणारा डबा, आणून टांगला, प्रश्न बऱ्यापैकी मिटला. आतून स्वच्छ असलेल्यांचं काय, ते मात्र कळेना.

ते तिला भोपळ्याकडे बघून कळलं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, आठाच्या सुमारास त्यात मधमाश्यांची झुंबड असते. त्याला भोपळे धरत होते. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं आणि उन्हं चढेपर्यंत मान टाकतं. त्या वेळी मधमाशी पोळ्यात. दुधीची सगळी भिस्त रात्रीच्या पतंगांवर, आणि संततधार पावसात पतंग कुठून येणार? मग तिने रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन मांडवाखाली स्टूल लावलं. नुसत्या लांब देठावर असतं ते नर फूल. ज्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा लव असलेला दुधी असतो ते मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला परागांचा दांडा मादी फुलात हलक्या हाताने फिरवायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा धरायला धाकटा. काही मादी फुलं तिने मुद्दाम तशीच सोडली, बिनदोऱ्याची. मी म्हटलं सगळ्यांनाच लाव की. तर म्हणाली, सगळ्यांना लावलं तर धरलं ते कशामुळे धरलं, हे कळणार कसं?

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः बी.एस्सी. केलंय. प्रयोगवहीत ‘तुलनेसाठी’ हा शब्द पाठ करून लिहिलाय, पण तो कशासाठी असतो हे मला तिच्या तोंडून कळलं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी भावजी आले. मी त्यांना हौसेने मागच्या दारी नेलं. पोरगी स्टुलावर, हात चिखलाने भरलेले, दातात दोरा. ते दारातूनच बघत राहिले. पायरी उतरले नाहीत. म्हणाले, “अभ्यासाच्या वेळेला हे? पोरीला माळीण करणार आहात का?” हे गप्प, मी गप्प. थोरल्यांपुढे बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी चहा टाकला. पोरगी आत आली, हात धुतले आणि बीजगणिताचं पुस्तक उघडून बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भावजी जाईपर्यंत तिने मान वर केली नाही. नंतरचे कितीतरी दिवस ती संध्याकाळी मांडवाखाली गेली नाही, धाकटा एकटा दोरे बांधत होता.

लाल दोऱ्याचे बहुतेक दुधी धरले. बिनदोऱ्याचे बहुतेक गळाले. पंधरवड्यात काढायला आले, त्यातले कोवळे बघून दोन भावजींकडेही पाठवले. जाऊबाईंनी हलवा करून परत डबा पाठवला. पण ते दुधी कसे धरले हे भावजींनी आजतागायत विचारलेलं नाही.

म्हणून सासऱ्यांबद्दल तुम्हाला स्पष्ट सांगते. ‘माळीण करणार का’ या प्रश्नात शिक्षणाची काळजी थोडी असते आणि मातीत हात घालणाऱ्या माणसाबद्दलची तुच्छता जास्त असते. त्यात जातीचा दर्पही असतो, तोही बोलून टाकते. फुलांचा धंदा करणाऱ्या माळी घरातल्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, म्हणून आज आपण दोघी लिहितोय-वाचतोय. आमच्याच भागात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर द्राक्षबागायतदारांना सोबत घेऊन ‘प्रयोग परिवार’, म्हणजे आपापल्या शेतात प्रयोग करून एकमेकांना शिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा गट, चालवत होते. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज कशी भागते, याचं गणित त्यांनी मांडलं. पानाचं क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारं ऊन यांचा हिशोब शेतकऱ्यांना करायला लावला. व्यासपीठावर या सगळ्यांची नावं घ्यायची आणि घरातल्या पोरीच्या हाताला चिखल दिसला की तोंड वाकडं करायचं, हे मला पटत नाही. कुणीही केलं तरी. आमच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर वाचू दे. मी त्या संध्याकाळी गप्प बसले ते मानापोटी, मान्य होतं म्हणून नव्हे.

आता तुमचा दिवस. तासिकांचं वेळापत्रक मी देणार नाही, आमच्याकडे ते नाही. सकाळी ऊन चढायच्या आत परड्यातलं काम, तेव्हाच पाणी. नाश्त्यानंतर दोन-अडीच तास बसून अभ्यास: गणित, भाषा, इंग्रजी. दुसरीतल्या मुलीला एक तास पुरे होईल, त्यापुढे बसवाल तर नुसती चुळबुळ करेल. दुपारी वाचन, चित्रं, जे हवं ते. संध्याकाळी खो-खोचं मैदान, आणि हे चुकवायचं नाही. बरोबरीची पोरं मैदानावरच भेटतात.

परड्यातून सगळं शिक्षण होतं असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. भागाकार वहीतच शिकावा लागतो, बीजगणित तर वहीतच. पण गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, हे आमच्या धाकट्याने टेप धरून मोजलं तेव्हा त्याला ‘वर्ग’ म्हणजे काय ते कळलं. उरलेल्या मेथीच्या जुड्या तो गल्लीत विकतो. बियाण्याचे पैसे वजा करून नफा काढतो, आणि उधारी कोणत्या काकूंकडे किती हे त्याला तोंडपाठ असतं.

सुरुवात मेथीने करा. चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढायला येते, लहान मुलाचा धीर तेवढाच असतो. धने लावाल तर रगडून दोन फाकी करून लावा, आणि उगवायला आठ-दहा दिवस लागतात हे तिला आधी सांगा, नाहीतर ती रोज माती उकरून बघेल. काळी माती असेल तर पावसाळ्यात गादीवाफेच हवेत, सपाट जमिनीत मुळं कुजतात. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, ते वाफ्यांवर अंथरलं की उन्हाळ्यातलं पाणी निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात गवार आणि चवळी सोडून फार हौस करू नका.

मागे पडेल का? कशाच्या मागे, ते आधी तुम्ही ठरवा. परीक्षेचंच म्हणत असाल तर वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात पाचवी, आठवी, दहावी असे टप्पे आहेत. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवा, लॅमिनेट करू नका. आमच्या थोरलीचं आता एनआयओएसचं चाललंय. ती वर्गातल्या मुलींपेक्षा हुशार आहे असा माझा दावा नाही. एखादी गोष्ट का बिघडली हे शोधायला ती कंटाळत नाही, एवढा आहे.

कायद्याचंही बघून ठेवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो. न घातल्याबद्दल पालकांना शिक्षेचं कलम त्यात नाही, पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतात. त्यांच्याशी नीट बोला, वह्या दाखवा. ते त्यांचं काम करत असतात. त्याच कायद्याने शाळेबाहेरच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी तुम्हाला वाटलं की हे नको, तर मुलगी परत शाळेत जाऊ शकते. सासऱ्यांची शिक्षणाची खरी काळजी जेवढी असेल, तेवढी हे सांगून मिटेल. उरलेली मिटणार नाही. ती मिटवायच्या भरीस पडू नका. मात्र मुलीच्या देखत हा विषय निघाला तर माझ्यासारखं चहा टाकायला आत जाऊ नका. तिथेच, त्यांचा मान ठेवून, एक वाक्य बोला: “मामंजी, ती काय करतेय ते आधी तिला विचारा.” मुलीला ते वाक्य ऐकू जायला हवं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. दोघंही दिवसभर बाहेर असाल आणि घरात मोठं माणूस नसेल तर हे करू नका. मुलगी शाळेत खूश असेल, तिथे जीवाभावाच्या मैत्रिणी असतील तर केवळ तुमच्या विचारापायी तिला काढू नका, परडं शाळा सुटल्यावरही करता येतं. मुलीला बोलण्यात, ऐकण्यात किंवा वाचण्यात अडचण असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय निर्णय नको. आणि तुमच्या जागेला उन्हाळ्यात पाणी पुरतं का ते बघा. टँकरच्या पाण्यावर भाजी पिकवायला मी सांगणार नाही.

नोकरी सोडण्याचंही तुम्ही लिहिलंय. घरी शिकवणं म्हटलं की ते सगळं बाईच्या अंगावर येतं, कौतुक मात्र ‘दोघांनी केलं’ असं होतं. मी पतसंस्थेतली नोकरी सोडली तेव्हा ह्यांच्याकडून दोन गोष्टी आधी कबूल करून घेतल्या होत्या: गणित ते घेतील, आणि ज्या आठवड्यात सकाळची पाळी नसेल तेव्हा परड्यातलं पाणी त्यांच्याकडे. आजवर ते पाळतात, म्हणून हे चाललंय. तुमच्या यजमानांशी हे बोलणं झालंय का, ते तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. ते होईपर्यंत राजीनामा देऊ नका.