घरच्या लोशनमध्ये दूध घातलं की ते फुटतं. त्याऐवजी मिल्क प्रोटीन चालेल का?

म्हापशाच्या दमट हवेत लोशन चार दिवसांत आंबतं, आम्लता वाढवायला लॅक्टिक ॲसिड घातलं की दाणे धरतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं मूळ ताज्या दुधात आहे. ते आधी बंद करा.

गाईच्या दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं. पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.6च्या आसपास आला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात. दुधात आमसुलाचं पाणी पडल्यावर होतं तेच. तुम्हाला पीएच 5च्या वर ठेवायचा असतो हे खरं, पण ॲसिडचा थेंब पडतो तिथे तो क्षणभर फार खाली जातो आणि तेवढ्यात दाणा धरतो. मग कितीही घुसळा, लोशन मऊ होत नाही. सोडियम केसिनेट, म्हणजे केसिनचंच पाण्यात विरघळणारं रूप, घेतलं तरी हीच गत. म्हणून बाटलीवर 'हायड्रोलाइज्ड मिल्क प्रोटीन' असं वाचूनच घ्या. एन्झाइमने त्याचे बारीक तुकडे केलेले असतात, त्यामुळे ते आम्लातही सहसा विरघळलेलं राहतं.

100 ग्रॅम लोशनला द्रवरूपातलं 2 ग्रॅम पुरे. पावडर असेल तर अर्धा ग्रॅम, कृतीतल्याच 5 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात आधी विरघळवून. तेल-पाणी एकजीव होऊन 40 अंशांखाली निवलं की घाला. जास्त झालं तर अंग चिकचिकतं, पावसाळ्यात तर फारच. लॅक्टिक ॲसिड पातळ करून शेवटी थेंब थेंब घाला आणि पीएच 5 ते 5.5 वर थांबा.

आंबण्याचा प्रश्न मात्र नुसतं दूध बदलून पुरता सुटत नाही, कारण प्रोटीन हेच जिवाणूंचं आणि बुरशीचं खाद्य. तुम्ही घालता ते व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना रोखत नाही. त्यासाठी फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण (हे प्रिझर्व्हेटिव्ह) 100 ग्रॅम लोशनला 1 ग्रॅम घाला. बोटं बुडवायची डबी नको, पंपाची बाटली घ्या. वास बदलला की सगळं टाकून द्या.

मिल्क प्रोटीनने त्वचेवर पातळ थर बसतो, ओल टिकते, हात मऊ लागतो. गोरेपणा येत नाही.

भाचीच्या इसबावर लावू का, असंही विचारलंय. कृपया लावू नका. फाटलेल्या त्वचेतून दुधाचं प्रोटीन आत गेलं तर त्याची ॲलर्जी जडू शकते, आणि हायड्रोलाइज्ड असलं तरी तो धोका पूर्ण जात नाही. तिला साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.